माल हातातून सुटला की लायसन्स जागं होतं

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे पुढचं उत्तर वाचणाऱ्या कुणालाही लागेल. सोलापुरातल्या एका तरुणाने अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेल कारखान्यासाठी एकट्याच्या जिवावर सॉफ्टवेअर उभं केलंय. त्यात सुताचा साठा, जॉब वर्कची चलनं, हजेरी आणि बिलं असं सगळं आहे. भाषा पायथन, स्क्रीन पायक्यूटीच्या, डेटाबेस मायएसक्यूएल, बिलाच्या पीडीएफसाठी पायम्यूपीडीएफ, मराठी अक्षरांसाठी मुक्ता फॉन्ट, आणि बारकोड छापायचा एक तुकडा गिटहबवर, म्हणजे लोक आपला कोड मांडून ठेवतात त्या साइटवर, कुणाच्या तरी खात्यात सापडलेला. साठ हजारांचं बिल पुढे ठेवल्यावर मालक म्हणाले, "सगळं फुकटचं गोळा केलंस, आन् मला पैसे मागतोस व्हय बे?" त्यात कारखान्याच्या परदेशी ग्राहकाने तपासणीच्या कागदांत वापरातल्या सॉफ्टवेअरची आणि त्यांच्या लायसन्सची यादी मागितली. म्हणून विचारणं असं: हे विकता येतं का, कोड मालकांच्या हातात द्यावा लागतो का, आणि ‘फ्री’ म्हणजे नक्की किती प्रकारचं फ्री?

मालकांचा प्रश्न आधी घेतो, कारण तुमचे पैसे तिथे अडकलेत. मी वीस-बावीस वर्षं याच शहरात यंत्रमागवाल्यांना, सूत व्यापाऱ्यांना आणि दोन-चार कॉलेजांना सॉफ्टवेअर करून देतोय. हा टोमणा मी डझनभर वेळा तरी ऐकला असेल. एका चादर कारखानदारांना मी उलट विचारलं होतं, "अण्णा, तुमच्या चादरीवरची ही मोराची नक्षी काढली कुणी?" ते म्हणाले, "कुणास ठाऊक, आजोबांच्या काळापासून चालत आलीय." म्हटलं, "मग नक्षीला पैसे पडले नाहीत म्हणून चादर फुकट देता का?" ते हसले आणि चेक फाडला. निम्म्या रकमेचा, पण फाडला.

त्या नक्षीवरूनच बाकीचं समजावून सांगणं मला सोपं जातं. चादर पांघरता येते, विकता येते, पण मोराची मान दुसरीकडे वळवायची असेल तर चादर उसवून काही हाती लागत नाही. त्यासाठी जॅकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे लागतात. फ्रान्समधल्या लिओं शहरात जोसेफ मारी जाकारने १८०४ च्या सुमारास हे यंत्र घडवलं, तेव्हापासून कुठला धागा वर उचलायचा हे मागाला पुठ्ठ्यावरची भोकं सांगत आली. तयार प्रोग्रॅम म्हणजे चादर, सोर्स कोड म्हणजे पुठ्ठे. कुणी ‘हे फ्री आहे’ म्हणालं की मी विचारतो, चादर फुकट दिलीय की पुठ्ठेही दिलेत? आणि दिले असतील तर कुठल्या अटीवर?

नुसती चादर फुकट, पुठ्ठे कुलपात, याला फ्रीवेअर म्हणतात. अ‍ॅडोबी रीडर घ्या, गूगल क्रोम घ्या. इथे खरा फास ‘कुणासाठी फुकट’ यात असतो. एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर घरगुती वापराला फुकट आहेत, धंद्याला नाहीत. तुम्ही घरी बसून कारखान्याच्या कॉम्प्युटरवरचं बिल दुरुस्त करता तेव्हा तो धंदाच झाला. ऑरॅकलच्या जावा ८ चंही असंच. २०१९ च्या एप्रिलपासूनची अपडेट्स स्वतःच्या खासगी वापराला मोफत, व्यवसायात चालवायची तर पैसे. तीच जावा ओपनजेडीके म्हणून मुक्त लायसन्सखाली मिळते, तरी जुन्या सवयीने लोक पहिलीच उतरवून घेतात. विनरार चाळीस दिवस वापरून बघा म्हणतं, ते शेअरवेअर. आपल्याकडे त्याचा एक्केचाळिसावा दिवस कधी उजाडतच नाही. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर तर यातल्या कुठल्याच खणात बसत नाही. कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमानुसार बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. लायसन्सची यादी परदेशात पाठवण्याआधी कारखान्यातल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काय काय बसवलंय हे एकदा डोळ्यांखालून घाला. तुमच्या प्रोग्रॅमपेक्षा मोठी अडचण बहुधा तिथेच निघेल.

पुठ्ठ्यांसकट देण्याची चळवळ रिचर्ड स्टॉलमन यांची. १९८३ मध्ये त्यांनी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं. त्यांच्या चार मोकळिका प्रसिद्ध आहेत, आणि प्रोग्रॅमरच्या खोडीप्रमाणे त्या शून्यापासून मोजल्या जातात. कशासाठीही चालवा, आतून पाहून बदला, इतरांना द्या, बदललेलंही द्या. यात किमतीचा शब्द कुठे नाही. उलट १९८५ साली ते स्वतः ईमॅक्स या आपल्या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमच्या टेप दीडशे डॉलरला विकत होते. इंग्रजीत फ्री या एकाच शब्दात दोन्ही अर्थ कोंबल्यामुळे त्यांना चाळीस वर्षं खुलासे करावे लागले. आपल्याकडे ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन शब्द आयते आहेत. ते वेगळे ठेवले तर निम्मा गोंधळ मिटतो. १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ हा शब्द आला तो याच गोंधळाला कंटाळून आणि कंपन्यांना बिचकायला होऊ नये म्हणून. मुक्त सॉफ्टवेअरवाले वापरणाऱ्याच्या हक्काबद्दल बोलतात, ओपन सोर्सवाले कामाच्या पद्धतीबद्दल. वाद खरा आहे, पण दोघांनी मान्य केलेल्या लायसन्सच्या याद्या जवळजवळ सारख्याच. तुमच्या बिलाला त्या वादाने फरक पडत नाही.

आता तुमच्या डब्यातला सगळ्यात धोकादायक जिन्नस, तो बारकोडचा तुकडा. तुम्ही लिहिलंय की त्या कोडबरोबर लायसन्सची फाइलच नाही, ‘म्हणजे मोकळाच असणार’. नेमकं उलट आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत मोडतो. तो लिहिला त्या क्षणी हक्क लेखकाचा, नोंदणी लागत नाही, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं राहतो. लेखक काहीच बोलला नसेल तर काहीच परवानगी नाही. गिटहबच्या अटींनुसार उघडा ठेवलेला कोड तिथल्या तिथे बघता येतो, आपल्या खात्यात फोर्क, म्हणजे त्याची प्रत, करता येतो, बस्स. दुकानाच्या बाहेर मांडलेला टॉवेल हात लावून पाहता येतो, तसं. तो तुकडा काढून टाका. पायथन-बारकोड नावाची लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा तयार कोड, एमआयटी या मोकळ्या लायसन्सखाली आहे, काम तेच करते. मूळ लेखकाला लिहून ‘लायसन्स टाकाल का’ असंही विचारता येतं. बरेचदा माणसं दोन दिवसांत एमआयटीची फाइल टाकतात, त्यांच्या ते डोक्यातच आलेलं नसतं. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून चिकटवलेल्या ओळींनाही लायसन्स असतं, क्रिएटिव्ह कॉमन्सचं, ‘श्रेय द्या आणि याच अटीवर पुढे द्या’ या जातीचं. दोन ओळींसाठी कुणी कोर्टात जात नाही, पण पानभर उतरवलं असेल तर समजून घेऊन पुन्हा आपल्या हाताने लिहा.

मोकळ्या हाताची लायसन्सं म्हणजे एमआयटी, बीएसडी, अपाची. यांचं म्हणणं एवढंच की आमचं नाव आणि हा मजकूर काढू नका, मग विका, बदला, कुलपात ठेवा, काहीही करा. बीएसडीच्या जुन्या रूपात प्रत्येक जाहिरातीत बर्कली विद्यापीठाचं नाव घ्यायची अट होती. बर्कलीने ती १९९९ मध्ये काढून टाकली. अपाची २.० मध्ये पेटंटची परवानगीही लिहून दिलेली आहे, म्हणून मोठ्या कंपन्यांना ते आवडतं. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचं स्वतःचं लायसन्सही याच वळणाचं. सोपं आहे म्हणून लोक इथे एकच चूक करतात, ती म्हणजे मजकूर न ठेवणं. ‘थर्ड पार्टी’ नावाचं एक फोल्डर करा, प्रत्येक लायब्ररीची लायसन्स फाइल जशीच्या तशी त्यात टाका. अर्ध्या तासाचं काम आहे. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस तर याच्याही पलीकडे, लेखकांनी हक्कच सोडून दिलेत. तरी काही कंपन्यांच्या वकिलांना कागदाशिवाय झोप येत नाही, म्हणून एसक्यूलाइटवाले त्यांना मालकीहक्काचा कागद पैसे घेऊन विकतात. मला ही गोष्ट फार आवडते.

आणि मग जीपीएल, स्टॉलमन यांच्याच चळवळीचं जनरल पब्लिक लायसन्स. याबद्दल आपल्या भागात जेवढ्या अफवा ऐकल्या तेवढ्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याबद्दलही ऐकल्या नाहीत. जीपीएलचा कोड लावला की आपलं सगळं जगाला फुकट वाटावं लागतं, जीपीएल असेल तर पैसे घेता येत नाहीत, लिनक्सवर चालवलं म्हणजे प्रोग्रॅम जीपीएल झाला. तिन्ही चूक. माझ्या मते एकच गोष्ट मनात पक्की बसवली तर पुरे: जीपीएल झोपलेलं असतं, माल तुमच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेला की जागं होतं. कारखान्याच्या आत, कारखान्याच्याच माणसाने, कारखान्यासाठी जीपीएल कोडमध्ये काहीही केलं तरी ते कूस बदलत नाही. तुम्ही बाहेरचे आहात, पेन ड्राइव्हवरून प्रोग्रॅम बसवून दिला, की हस्तांतर झालं. त्या क्षणी अट लागू होते: ज्याला चादर दिली त्याला पुठ्ठेही द्या, आणि त्यालाही हीच मोकळीक द्या. ज्याला दिली त्याला. जगाला नव्हे. एका मालकाला दिलंत तर एका मालकाला कोड द्यायचा. मात्र त्याने तो उद्या शेजारच्या कारखान्याला दिला तर तुम्हाला अडवता येणार नाही. खरी किंमत ती आहे, आणि ती मोजायची की नाही हा धंद्याचा निर्णय आहे.

तुमच्या बाबतीत हे पायक्यूटीमुळे जागं होतं. पायक्यूटी एक तर जीपीएलखाली घ्या, नाहीतर त्यांचं व्यापारी लायसन्स विकत घ्या, असा त्यांचा सरळ व्यवहार आहे. तुम्ही विकत घेतलेलं नाही, म्हणजे तुमचा सगळा प्रोग्रॅम मालकांना जीपीएलवर दिल्यासारखा. बाहेर पडायची वाट स्वस्त आहे. पायक्यूटी ज्या क्यूटीवर उभी आहे, त्या क्यूटीवाल्यांचीच पायसाइड नावाची लायब्ररी एलजीपीएलखाली मिळते. ‘पायक्यूटीसिग्नल’ असेल तिथे नुसतं ‘सिग्नल’, ‘पायक्यूटीस्लॉट’ तिथे ‘स्लॉट’, वरच्या इम्पोर्टच्या ओळी, आणि काही किरकोळ भांडणं. मी चाळीसेक स्क्रीनचं एक काम तीन दिवसांत फिरवलं होतं. एलजीपीएलचं म्हणणं असं की लायब्ररीचे पुठ्ठे उघडे राहू द्या आणि वापरणाऱ्याला ती लायब्ररी काढून दुसरी आवृत्ती बसवता येऊ द्या, तुमचा स्वतःचा कोड तुमच्यापाशी ठेवा. म्हणून पायइन्स्टॉलरने (पायथनच्या कोडचा चालवायला तयार प्रोग्रॅम बांधणारं हत्यार) सगळं एकाच फाइलीत कोंबू नका, फोल्डरच्या रूपात द्या, म्हणजे लायब्ररीच्या फाइली वेगळ्या दिसतात. पायइन्स्टॉलर स्वतः जीपीएल आहे हे पाहून घाबरू नका. त्यांनी खास सूट लिहून ठेवलीय की त्याने बांधलेला प्रोग्रॅम कुठल्याही लायसन्सचा चालेल. अशा सुटी शोधायची सवय लावून घ्या, त्या कधी मूळ मजकुराच्या आधी, कधी शेपटाला असतात आणि कुणी नीट वाचत नाही.

पायम्यूपीडीएफ हे जास्त कडक प्रकरण आहे. ते एजीपीएल (जीपीएलचा आणखी कडक भाऊ, त्याच्याबद्दल पुढे येईलच) किंवा विकतचं लायसन्स, असं आहे. इथे मी तुम्हाला शहाणपण शिकवतोय, पण मी स्वतः याच खड्ड्यात पडलो होतो. तेव्हा मी जावामध्ये बिलं करायचो, पीडीएफसाठी आयटेक्स्ट वापरायचो. त्याच्या जुन्या आवृत्त्या मोझिला आणि एलजीपीएल लायसन्सच्या, पण पाचवी आवृत्ती २००९ च्या शेवटी एजीपीएलवर गेली. नवा नंबर दिसला म्हणून मी नवी फाइल टाकली, लायसन्स उघडलंच नाही, आणि सहा कारखान्यांत बसवून मोकळा झालो. दीड वर्षाने एका निर्यातदाराच्या ऑडिटरने बोट ठेवलं. दोष लायब्ररीचा नव्हता, पहिल्याच पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं. सहाही ठिकाणी जाऊन, स्वतःच्या पेट्रोलने, पीडीएफचा भाग नव्याने लिहून दिला. त्यातल्या एका मालकांनी चहाबरोबर विचारलं, "काय बिघडलं होतं?" काहीच बिघडलं नव्हतं, हे त्यांना पटवायला चहापेक्षा जास्त वेळ गेला. तेव्हापासून आवृत्ती बदलली की आधी लायसन्सची फाइल नव्या-जुन्यात ताडून पाहतो. तुम्ही रिपोर्टलॅब घ्या. त्याची मुक्त आवृत्ती बीएसडीची आहे आणि बिल, चलन, लेबल यांना भरपूर पुरते. फक्त मराठी जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट जुळतात का ते आधी दोन-चार खऱ्या बिलांवर तपासा. आकडे आणि ग्राहकांची नावं इंग्रजीत असतील तर प्रश्नच नाही.

मायएसक्यूएलने तुम्ही उगाच घाबरलात. सर्व्हर जीपीएल दोनचा आहे, पण तो वेगळा प्रोग्रॅम, तुमचा वेगळा. दोघं तारेवरून बोलतात. त्याने तुमचा कोड जीपीएल होतो असं सहसा कुणी मानत नाही. अडकतं ते मधल्या जोडणीला. ऑरॅकलची पायथनसाठीची जोडणी जीपीएलची आहे. तिच्या जागी पायमायएसक्यूएल घाला, ती एमआयटी. सर्व्हरची सेटअप फाइल तुमच्या पेन ड्राइव्हमधून देऊ नका. मालकांच्या कॉम्प्युटरवर त्यांच्याच नावाने अधिकृत साइटवरून उतरवा. तुम्ही वाटला नाहीत, तर वाटणाऱ्यावरच्या अटीही तुमच्यावर येत नाहीत.

पुढच्या वर्षी हाच प्रोग्रॅम सर्व्हरवर ठेवून दहा कारखान्यांकडून महिन्याला भाडं घ्यायचा तुमचा विचार आहे, म्हणून आणखी थोडं. सर्व्हरवर ठेवलेला माल कुणाच्या हातात जात नाही, लोक नुसते दुरून वापरतात. त्यामुळे साधं जीपीएल झोपूनच राहतं. ही फट बुजवायला २००७ मध्ये एजीपीएल तीन आलं. बदललेला प्रोग्रॅम नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही कोड मिळाला पाहिजे, असं त्यात तेरावं कलम आहे. त्याच्याही पुढे जाऊन २०१८ मध्ये मोंगोडीबी या डेटाबेसवाल्यांनी स्वतःचं लायसन्स काढलं. सर्व्हरवर चालणारी अशीच सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या इलॅस्टिकने २०२१ मध्ये, टेराफॉर्मवाल्यांनी २०२३ मध्ये, रेडिसने २०२४ मध्ये अशाच वाटा धरल्या. मोठ्या क्लाउड कंपन्या आमचं घेऊन आम्हालाच मागे टाकतात, ही त्यांची तक्रार. कोड दिसतो, पण काही धंद्यांना बंदी. याला ओपन सोर्स म्हणत नाहीत, ‘सोर्स उपलब्ध’ म्हणतात. पुठ्ठे काचेच्या कपाटात. लोकांनी मग शेवटच्या मुक्त आवृत्त्यांवरून ओपनसर्च, ओपनटोफू, वाल्की अशी नवी घरं थाटली. इलॅस्टिक आणि रेडिस नंतर एजीपीएलचा पर्याय ठेवून अर्धे परतही आले. तुम्ही यातून एकच घ्यायचं: ज्या आवृत्तीवर तुम्ही उभे आहात तिचा नंबर आणि त्या दिवशीचं लायसन्स फाइल करून ठेवा. एकदा दिलेली मुक्त आवृत्ती परत काढून घेता येत नाही, पण पुढची आवृत्ती कशी असेल याची हमी कुणी देत नाही.

फॉन्टबद्दल काळजी नको. मुक्ता हा ओपन फॉन्ट लायसन्सचा आहे. प्रोग्रॅमबरोबर देता येतो, पीडीएफमध्ये घालता येतो, लग्नपत्रिका छापता येते. फक्त नुसता फॉन्टच पाकिटात घालून विकायचा नाही.

नावाचं मात्र वेगळं. कोड मुक्त असला तरी नाव मुक्त नसतं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तशीच वीण कुणी दुसऱ्या राज्यात विणली तरी त्यावर हे नाव लावता येत नाही, तसंच हे. फायरफॉक्सचा कोड मोझिलाने मोकळा दिला, पण डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारवाल्यांनी त्यात बदल केले तेव्हा नावावरून अडलं. २००६ पासून दहा वर्षं ते त्याला आइसवीझल म्हणत राहिले. उद्या तुम्ही ईआरपीनेक्स्ट हे साठा-हिशोबाचं तयार मुक्त सॉफ्टवेअर घेऊन टॉवेल कारखान्यांसाठी वळवलंत (ते मुंबईत बनलेलं, जीपीएल तीनवर मिळतं, आणि खरं सांगायचं तर अशा कामांना ते आधी पाहायला हवं होतं), तर कोड घ्या, नाव स्वतःचं ठेवा.

तुमच्या स्वतःच्या कोडचा मालक कोण, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मालकांच्या डोक्यात ‘पैसे दिले म्हणजे माझं’ असतंच. कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेलं मालकाचं. तुम्ही नोकर नाही, बाहेरून काम घेतलंय. वेगळा करार नसेल तर पहिला हक्क तुमचा, त्यांना वापरायची परवानगी. हक्कच द्यायचा असेल तर तो लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. १९ व्या कलमात एक गंमत आहे: मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. मालक निर्यातदार आहेत, त्यांचा वकील हे पाहीलच. पानभराचा करार मराठीत करा. कुठले भाग तुमचे, कुठले इतरांचे आणि कुठल्या लायसन्सचे, आणि तुमचा भाग त्यांना किती कॉम्प्युटरवर वापरायचा, एवढं त्यात आलं तरी पुरे.

राहिली परदेशी ग्राहकाची यादी. २०२१ च्या डिसेंबरात लॉगफोरजे या असंख्य प्रोग्रॅममध्ये जोडलेल्या जावा लायब्ररीत मोठं भगदाड सापडलं आणि कितीतरी कंपन्यांना आपल्याकडे ते कुठे कुठे बसलंय हेच सांगता येईना. तेव्हापासून असल्या याद्या मागायचं प्रमाण वाढलं. तुमच्यावर संशय आहे म्हणून मागत नाहीत. पिप-लायसन्सेस नावाचं छोटं हत्यार चालवलं की प्रत्येक लायब्ररीचं नाव, आवृत्ती आणि लायसन्स एका तक्त्यात येतं. त्या तक्त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ‘अननोन’ लिहिलेल्या ओळी हमखास असतात, आणि काही ठिकाणी लेखकाने एक लिहिलेलं असतं, फाइल दुसरीच असते. फाइल खरी धरा. यादी पाठवताना त्यात जीपीएल दिसलं तर लपवू नका. तपासणाऱ्याला जीपीएल असण्याचं वावडं नसतं, कुणाला पत्ताच नसण्याचं असतं.

‘कोण बघतंय एवढं’ असं तुमचा मित्र म्हणाला, त्याच्यासाठी एक गोष्ट. अमेरिकेत खेळण्यातल्या आगगाड्या चालवायचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. एका व्यापाऱ्याने त्यातल्या फाइली घेतल्या आणि लेखकांची नावं उडवली. फुकट वाटलेल्या गोष्टीच्या अटी मोडल्या तर कॉपीराइटचा भंग कसा होईल, असा त्याचा बचाव होता. २००८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो नाकारला. पैसे न घेता दिलेल्या परवानगीच्या अटीही अटीच असतात, असं म्हटलं. खेळण्यातल्या गाडीवरून लागलेला निकाल आज जगभरचे वकील दाखवतात.

तर विकता येतं, बिनदिक्कत. कोड द्यायचा की नाही हे पायक्यूटी, पायम्यूपीडीएफ आणि मायएसक्यूएलची ऑरॅकलवाली जोडणी ठेवता की काढता यावर. माझं ऐकाल तर पायसाइड, रिपोर्टलॅब आणि पायमायएसक्यूएलवर या, बारकोडचा तुकडा आजच काढा, मग कोड तुमच्यापाशी ठेवा. आणि जमलं तर त्याची एक प्रत पाकिटात बंद करून मालकांकडे ठेवायला द्या, ‘मी नसलो तर उघडा’ म्हणून. एकट्या माणसाकडून काम घेणाऱ्या कारखानदाराला रात्री झोप लागण्यासाठी ते पाकीट लायसन्सपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

साठ हजारांबद्दल शेवटचं. एमआयटी असो, जीपीएल असो, या सगळ्या मुक्त लायसन्सच्या तळाशी ठळक अक्षरांत एक परिच्छेद असतो: जसं आहे तसं, कसलीही हमी नाही. जीपीएलमध्ये तर स्पष्ट लिहिलंय की हमी द्यायची असेल तर तिचे पैसे घेता येतात. मालकांना तो परिच्छेद मोबाइलवर मराठीत वाचून दाखवा. मग विचारा, मार्चअखेरीला रात्री अकरा वाजता बिल निघालं नाही तर फोन कुणाला करणार? बिल नव्याने करा आणि ‘सॉफ्टवेअरची किंमत’ ही ओळ त्यातून काढा. तिच्या जागी बांधणी, बसवणी, दोन कारकुनांना शिकवणं आणि एक वर्ष देखभाल असे चार आकडे वेगवेगळे लिहा. देखभालीचा आकडा निम्म्याच्या आसपास ठेवा. मालक घासाघीस करणारच, ती याच आकड्यावर होऊ द्या, आणि तिथे वर्षाचे महिने कमी करा, दर नको.